केशरबाईच्या तीन गोळ्या

पौर्णिमेला केशरबाईची बदली होते, हे भेस्तानच्या त्या गल्लीत आता दूधवाल्यालाही ठाऊक होतं. तिचा नवरा भिवाबाबा गेल्यावर तिच्या तिन्ही मुलांनी बसून ठरवलं होतं: एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत माय थोरल्या रामदासकडे, भेस्तानला, मग मधल्या महेशकडे, कडोदऱ्याला, मग धाकट्या लोकेशकडे, पलसाण्याला. तारखेवर ठरवलं असतं तर एकतीसच्या महिन्यातला जास्तीचा दिवस कोणाच्या अंगावर, यावरून भावाभावांतलं बोलणं बंद झालं असतं. चंद्रावर मात्र तिघांचा भरवसा होता. तो कोणाच्याच सासरचा नव्हता.

आजची बदली कडोदऱ्याला. रामदासच्या बाहेरच्या खोलीत वंदना झाली, खीर झाली, जय भीम झाला. महेश आणि त्याची बायको सुवर्णा गाडी घेऊन आले होते. लोकेशची आज पाळी नव्हती, तरी तो पलसाण्याहून मोटरसायकलवर आला होता. खीर कोणाकडेही असली तरी ती आपली समजावी, असं त्याचं धोरण होतं.

केशरबाई भिंतीलगतच्या बाजेवर पाय पसरून पडली होती. घोटे सुजून चपलेचा पट्टा लागत नव्हता. मागच्या आठवड्यात न्हाणीतून उठताना चक्कर येऊन ती खाली बसली होती, आणि पाणी सांडलं म्हणून सुनेनं आधी फरशी पुसली होती.

रामदासनं घारीच्या मिठाईचा रिकामा डबा महेशच्या हातात दिला. त्या डब्यात घारी होती तेव्हासुद्धा तो इतक्या जपून कोणी धरला नसेल. आत मायची औषधं होती.

"हे पाह्य महेश, लाल पाकिटातली माही गोळी हाय. सकाळ-संध्याकाळ. खंड पडला नाई पायजे." रामदास जन्मभर लूमवर, यंत्रमागांच्या खडखडाटात बोललेला. घरात बोलला तरी समोरचा माणूस शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे असंच वाटायचं.

"मी कधी खंड पाडला दादा?" महेश म्हणाला. "पन माय तुही गोळी घेते अन् माहीवर भरवसा ठेवत नाई. माही एमडी डॉक्टरची हाय."

"एमडी असन. माही गोळी घेतल्यावर माय उठून नळावर गेली होती."

"आमच्या एमडींच्या दवाखान्यात एसी आहे," सुवर्णा म्हणाली. तिच्या मते मुद्दा इथेच संपत होता.

"अरे यार, टेन्शन नहीं लेवानुं," लोकेश वाटी चाटत म्हणाला. "माझी गोळी कंपनीच्या डॉक्टरची आहे. कंपनीला फॉरेनची ऑर्डर असते. फालतू डॉक्टर ठेवतील का?"

रामदासला हे वाद मनातून आवडत. मायचे गुडघे प्रथम धरले ते त्याच्या पाळीत, आणि नाक्यावरच्या जिग्नेशभाई मेडिकलवाल्याकडून पहिली गोळी आणली तीही त्यानंच. जिग्नेशभाईनं चिठ्ठी मागितली नाही, फक्त "बा माटे?" एवढं विचारलं, आणि आईसाठी म्हटल्यावर जरा भारीतली दिली. दोघा भावांनी नंतर डॉक्टर गाठले, ही त्याच्या दृष्टीनं निव्वळ नक्कल होती. घर कोणीही बांधो, पायाचा दगड कोणी ठेवला ते विचारतात.

"काका, गाडीची चावी ठेवा खाली. आजी आज कुठे जाणार नाही."

आतल्या खोलीतून राखी आली. रामदासची एकुलती एक मुलगी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजातल्या मॅडमच्या हाताखाली तिचं संशोधन चाललं होतं: म्हाताऱ्या माणसांच्या जुनाट दुखण्यावर वेदनेच्या गोळ्या कमीत कमी धोक्यानं कशा लिहून द्याव्यात. रामदास चहाच्या टपरीवर हे शब्द पाठ म्हणून दाखवी. लोकांच्या घरी जाऊन संशोधन करणारी मुलगी हा त्याचा अभिमान होता. ती आपल्या घरी संशोधन करील, असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिच्या हातात स्टीलचं ताट होतं. ही तिची कामाची पद्धत. मॅडमनं शिकवलं होतं की चिठ्ठी मागू नका, चिठ्ठीत डॉक्टर बोलतो. घरातल्या सगळ्या गोळ्या ताटात मागा, म्हणजे घर बोलतं. गेले कित्येक रविवार ती भेस्तानच्या गल्ल्यांतून ताट घेऊन फिरत होती. एका आजीनं वारलेल्या नवऱ्याच्या गोळ्या काढून दिल्या होत्या. उरल्या तर वाया कशाला घालवायच्या म्हणून ती त्या स्वतः घेत होती.

राखीनं महेशच्या हातातला डबा घेतला आणि ताटात उपडा केला. मग बाजेखालची आजीची पिशवी ओढून तीही उपडी केली. लाल पाकीट, हिरवं पाकीट, निळं पाकीट. बीपीची गोळी वेगळी.

"आजी, यातल्या रोज किती घेतेस?"

"सगळ्या," केशरबाई म्हणाली.

"सगळ्या म्हणजे? ज्याच्या घरी असशील त्याची ना?"

"त्याची तं घेतेच. मंग संध्याकाळी बाकीच्या दोघायचे फोन येतात. 'माय, माही गोळी घेतली का?' सकाळी पंचशील म्हनतो आपन. खोटं बोलनार नाई म्हनतो. मंग संध्याकाळी का खोटं बोलू पोट्टे? त्यापेक्षा गोळी खाल्लेली बरी."

फोन करणं हा तिघांचाही सद्गुण होता. एक दिवस चुकवत नसत.

राखीनं मोबाइलवर रिपोर्ट काढला. चक्कर आल्यानंतर ती आजीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती, एवढं रामदासला माहीत होतं. रक्त काढलं हेही माहीत होतं. पण रक्त काढलं की म्हाताऱ्या माणसाला टॉनिक देतात, अशी त्याची समजूत होती.

"पप्पा, आजीच्या किडनीवर ताण आलाय. ह्या गोळ्यांनी. पाय त्यामुळेच सुजलेत. तिथल्या डॉक्टरांनी सगळं बघितलं. अजून वेळ आहे, आता थांबलं तर सुधारेल. असंच चालू राहिलं तर पुढे मशीनवर रक्त धुवावं लागेल."

रामदासनं मायकडे पाहिलं. माय खिरीतला बेदाणा शोधत होती.

"गोळी बंद करायची?" तो म्हणाला. आवाज एरवीपेक्षा खाली होता, म्हणजे आता तो शेजारच्या घरापर्यंतच जात असावा.

"हो."

"मंग कडोदऱ्याची बंद करा."

"काहून?" महेश उसळला. "सुरू कोनी केल्या? जिग्नेशभाई का डॉक्टर हाय? तो मोबाइलचं रिचार्ज पन करते!"

"बराबर," लोकेश म्हणाला. एरवी महेश आणि लोकेश यांचं गावच्या घराच्या पत्र्यावरून जमत नसे. पण थोरल्याच्या गोळीविरुद्ध एकत्र यायला पत्र्याची अडचण नव्हती. "मोठा भाई, तुमची गोळी देशी आहे. ती पहिली बंद."

"माही गोळी बंद करनारा तू कोन रे? तुले अंघोळ मी घातली हाय!"

"दादा, अंघोळीचा अन् गोळीचा का संबंध?"

"हाय संबंध!" काय संबंध ते रामदासला सांगता येईना, पण आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. त्यानं बायकोकडे पाहिलं. मंदा साडीवर टिकल्या चिकटवत कोपऱ्यात बसली होती. "सांग ना मंदे, कोन्त्या गोळीनं मायले बरं वाटलं?"

"मला काय ठाऊक? तुम्ही गोळी देऊन चहाला निघून जाता," मंदा मान वर न करता म्हणाली.

घरातलंच मत फुटलेलं पाहून महेशला माया आली. जिंकत आलेल्या माणसाला ती येते. "जाऊ द्या," तो म्हणाला. "कोनाचा मान जाऊ नाई पायजे. तिघायच्याही ठेवू. फक्त अर्ध्या अर्ध्या करू. सकाळी दादाची अर्धी, दुपारी माही अर्धी, संध्याकाळी लोकेशची. गावचं वावर वाटलं तसं."

"हे झालं ना!" लोकेश म्हणाला.

रामदासनं विचार केला. सकाळची पाळी थोरल्याला, म्हणजे त्यात मान होता. "चालन," तो म्हणाला. तिन्ही भावांचं इतकं एकमत भिवाबाबा गेल्यानंतरच्या जलदानविधीलाही झालं नव्हतं. सुवर्णानं स्वयंपाकघरातून सुरी आणलीसुद्धा. लोकेशनं लाल गोळी पाटावर ठेवली आणि बरोबर मधोमध कुठे येतं ते एक डोळा मिटून पाहू लागला.

"थांबा!" राखी ओरडली. ओरडण्याच्या बाबतीत ती बापाची मुलगी होती. "काय करताय तुम्ही? वावर आहे का ते?"

तिनं तिन्ही पाकिटं उलटी करून एकाखाली एक मांडली. मागचं अक्षर मुंगीएवढं. मोबाइलचा कॅमेरा धरून ते मोठं केलं आणि मोबाइल बापाच्या नाकासमोर नेला.

"वाचा पप्पा. लाल पाकीट. आता हिरवं. आता निळं."

रामदासला इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचता येत. लालवरचा शब्द त्यानं लावला. हिरव्यावर तोच शब्द होता. निळ्यावर तोच होता. त्यानं तिन्ही पुन्हा वाचले, कारण आपलं इंग्रजी कच्चं असण्याची अजून थोडी आशा होती.

"तिन्ही एकच औषध आहे," राखी म्हणाली. "फक्त कंपन्या वेगळ्या. तुम्ही तिघं आजीला एकाच गोळीचा तिप्पट डोस देताय. तुमच्या अर्ध्या अर्ध्या केल्या तरी ह्या वयात, बीपीच्या गोळीसोबत, ह्या किडनीला ते जास्तच आहे. आणि जिग्नेशभाईला किंवा दोन्ही डॉक्टरांना बाकीच्या गोळ्या कोणी दाखवल्याच नाहीत."

"एकच कशी?" सुवर्णा म्हणाली. "आमची तर अंडाकृती आहे."

पहिल्यांदा उमगलं ते लोकेशला. पलसाण्याच्या डाइंग हाउसमध्ये तो सुपरवायझर होता. लूमवरून आलेलं कोरं कापड, ज्याला बाजारात ग्रे म्हणतात, ते त्याच्याकडे यायचं आणि तऱ्हेतऱ्हेच्या रंगात बाहेर पडायचं.

"म्हणजे ग्रे एकच!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "डाइंग अलग अलग!"

महेशनं हिरवं पाकीट हातात घेऊन पुन्हा ठेवलं. एसी, एमडी, गाडी लावायला जागा, एवढं सगळं करून त्यानं जिग्नेशभाईचीच गोळी आणली होती. रामदासला या क्षणी खरं तर आनंद व्हायला हवा होता. दोघांची नक्कल रंगेहाथ पकडली गेली होती. पण त्याची नजर मायकडे गेली. पायाचा दगड आपणच ठेवला होता, आणि त्यावर काय उभं राहिलं ते बाजेवर सुजलेल्या पायांनी पडलं होतं.

"मंग मले दुखलं तं?" केशरबाईनं विचारलं.

एवढा वेळ गोळीवर बोलणं चाललं होतं. दुखण्याचा विषय प्रथमच निघाला.

राखी बाजेच्या कडेला बसली. "दुखेल आजी. खोटं नाही सांगत. पहिले काही दिवस जास्त दुखेल. डॉक्टरांनी तापावरची साधी गोळी दिली आहे. ती ठरलेल्या वेळी, ठरलेली तेवढीच. लावायला मलम आहे. आणि मुख्य म्हणजे दोन वेळा गरम पाण्याचा शेक, नंतर मांडीचा व्यायाम, मी शिकवते. जिना चढायचा नाही. मग पुन्हा रक्त तपासायचं, आणि मग डॉक्टर काय ते ठरवतील."

"जिना नाही म्हणजे आमच्याकडे नाही," सुवर्णा लगेच म्हणाली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. "नाहीतर आम्ही न्यायलाच आलो होतो. गाडी खाली उभी आहे, बघा."

"मी पण वरती," लोकेश म्हणाला. त्याचं घर तळमजल्यावर होतं, पण दाराला दोन पायऱ्या होत्या, आणि अडचणीच्या वेळी पायऱ्यांचा जिना होतो.

"मग आजी इथेच. पण शेक कोण देणार?" राखीनं विचारलं. "सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. रोज. सोबत बसून. ती स्वतः करणार नाही, आणि पिशवी तापलेली लक्षात आली नाही तर कातडी भाजते."

गोळी द्यायला तिघं भांडत होते. आता तिघंही पंख्याकडे बघू लागले. पंखा चांगला फिरत होता.

प्रथेप्रमाणे मग सगळ्यांच्या नजरा सुनांकडे वळल्या. मंदा आणि सुवर्णा गेल्या दिवाळीपासून एकमेकींशी फक्त भांड्यांमधून बोलत होत्या. आज त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि जे काही ठरायचं ते तेवढ्यात ठरलं.

"वहिनींच्या साड्यांचा माल उद्या द्यायचा असतो," सुवर्णा म्हणाली. "रोजच उद्या."

"आणि सुवर्णा सकाळपासून डब्यांच्या पोळ्या लाटते," मंदा म्हणाली. "तिच्याच हाताला शेक पाहिजे खरं तर."

"मी कॉलेजात असते," राखी म्हणाली. मग जराशी थांबली. "पप्पा रिटायर आहेत."

"हो की!" महेश म्हणाला.

"मोठा भाई एकदम फ्री!" लोकेश म्हणाला. "आणि हाताला गरमीची सवय आहे."

"मी?" रामदास म्हणाला. "मी का नर्स हाय? मले काम असते."

"कोणतं?" मंदानं विचारलं. तिनं मान वर केली होती. प्रश्न तिनं खरोखरच माहिती म्हणून विचारला होता.

रामदासनं आणखी दोन-तीन कारणं मनात उभी केली. त्यातलं पाठीचं कारण बरं होतं. त्याची पाठ खरंच दुखे, आणि त्यासाठी तो गुपचूप लाल पाकिटातलीच गोळी घेई. पण ताटाजवळ बसलेल्या मुलीसमोर हे कारण काढलं तर ताटात आपलाही खिसा उपडा करावा लागेल, हे त्याला वेळेत सुचलं. आणि बाजेवरून माय त्याच्याकडे बघत होती. हा देईल का नाही, असा त्या नजरेत प्रश्न असता तर तो भांडला असता. प्रश्न नव्हता. माय धरूनच चालली होती की तो देणार नाही, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. तिन्ही मुलांचं तिचं मत असंच होतं. तरी ती त्यांच्या गोळ्या खात आली होती.

"आना ती पिशवी," रामदास म्हणाला.

मंदानं पाणी तापवलं. राखीनं रबरी पिशवी अर्धी भरली, हवा काढली, झाकण घट्ट केलं, टॉवेलात गुंडाळली आणि आधी आपल्या मनगटावर धरून पाहिली. रामदास बाजेशेजारी स्टूल ओढून बसला. खोलीतली सगळी मंडळी जायला निघाली होती ती थांबली. दादा शेक देतो हे बघायला मिळणार असेल तर गाडी थोडी उभी राहिली तरी चालण्यासारखं होतं.

त्यानं पिशवी मायच्या गुडघ्यावर ठेवली. मायच्या गुडघ्याला हात लावायची ही त्याची पहिलीच वेळ असावी. पाया पडताना हात त्याच्या खालीच थांबे. हाड केवढं, कातडी केवढी, आणि मध्ये काहीच नाही. त्याला उगाच वाटलं की आपण फार जोरात धरलं आहे.

"गरम होते का माय?"

"बरं वाटते."

"दादा, थोडी वरतून धर," महेश दारातून बोलला. "आमचे एमडी म्हनतात, वाटीच्या वरतून."

"तू गप."

केशरबाई डोळे मिटून पडली होती. मग ती म्हणाली, "रामदास."

"हं माय."

"हा नाई दुखत रे."

"काय नाई दुखत?"

"हा गुडघा. हा चांगला हाय. दुखते तो भिंतीकडचा."

रामदासचा हात तसाच राहिला. दारात महेश आणि लोकेश यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपला भाऊ कुठे चुकला हे सांगायला दोघांनीही तोंड उघडलं, आणि दोघांनीही मिटलं, कारण डॉक्टरांना त्यांनीही फक्त "मायचे गुडघे" एवढंच सांगितलं होतं.

"कधीपासून?" रामदासनं विचारलं.

"पहिल्यापासून. न्हानीत पडली होती ना मी, तुह्या बाबाच्या टायमाले. तवापासून."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"आता गोळीले का उजवं-डावं असते बाप्पा," केशरबाई म्हणाली. "पोटात गेली का झालं."

राखीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. रामदास उठला. बाज भिंतीला चिकटून होती, पलीकडे स्टूल सोडा, मांजर बसायला जागा नव्हती. मायवरून वाकून पिशवी धरून पाहिली तर त्याच्या पाठीनं साफ नकार दिला.

"बाज ओढा लागते," तो म्हणाला.

"मायले उठवू का?" लोकेशनं विचारलं.

"नको उठवू. पायावर जोर येईन. तशीच उचला."

महेशनं गाडीची चावी खिशात टाकली आणि उशाकडून बाज धरली. लोकेश पायथ्याकडे गेला. रामदास मधोमध, भिंतीच्या फटीत हात घालून.

"माह्या बाजूनं आधी," महेश म्हणाला.

"काहून तुह्या बाजूनं? मी म्हनीन तवा उचलायची."

"अरे दोघंही रुका, माझ्याकडे वजन जास्त आहे!"

"वजन? एवढ्याशा म्हातारीचं वजन? तुले अंघोळ..."

"दादा, अंघोळ नको आता!"

बाज उचलली गेली, वाकडी झाली, सरळ झाली, आणि जमिनीपासून वीतभर वर तिघांच्या हातात थांबली, कारण कुठे ठेवायची यावर अजून एकमत नव्हतं. केशरबाईनं दोन्ही हातांनी बाजेच्या कडा घट्ट धरल्या.

"आरे ठेवा रे कुठी तरी," ती ओरडली. "का मले पाडून मंग पुन्हा गोळी देसान?"